वर्षाली विहिरीत उतरते

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरच्या आसपासच्या दहा-पंधरा गावांत कोणाची मोटर विहिरीत पडली, पाइप निसटला, दोर अडकला, की फोन वर्षालीला जातो. वय एकतीस. घरची दीड एकर शेती, त्यात वांगी, टमाटे, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. विहिरीत बुडी मारायचं काम आधी तिचे वडील बंडूजी करायचे. एकदा खोल गेले असताना त्यांच्या उजव्या कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलं. पुढच्याच आठवड्यात बोलावणं आलं, तेव्हा वर्षाली म्हणाली, "बाबा, दोर तुमी धरा. मी उतरते." तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

मी त्यांच्या दोन घरं पलीकडे राहते, शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणून पुढचं बरंचसं मी जवळून पाहिलं.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती एका शेतात मोटर काढायला गेली. पाणी पस्तीस फूट. तिचा दम दांडगा, दीड मिनिट सहज पुरायचा. पण त्या विहिरीत जुनी केबल, सुतळ्या, फाटकी जाळी असा सगळा गुंता पडला होता. चार बुड्यांत मोटर सापडली. पाचवीला दोर बांधताना केबलनं तिचा घोटा पकडला. ती वर आली ती नखं तुटलेली आणि ओठ निळे पडलेले. बंडूजींच्या हातातून दोर सुटत नव्हता.

"आता पुरे," मंदाबाई, तिची आई, घरी म्हणाली. "भाजी पिकव आन गप बस."

तिसऱ्या दिवशी वर्षालीनं माझ्याकडे येऊन मोबाइल पुढे धरला. समुद्राखाली पाठीवर हवेची टाकी घेतलेली माणसं फिरत होती. "मॅडम, हे लोकं अर्धा अर्धा घंटा खाली राह्यतात. मले हे पाह्यजे. कुठं भेटते?"

नागपुरात एक काचेच्या दाराचं दुकान सापडलं. खेळाचं सामान, आणि एका कोपऱ्यात पाणबुड्यांचं. ती एकटीच गेली. सेल्समननं तिच्या मागे दाराकडे पाहिलं.

"सर नहीं आए?"

"मलेच पाह्यजे."

"मॅडम, ये गोवा-मालवण जानेवालों के लिए है. आप कहाँ से?"

"समुद्रपूर."

तो हसला. "वहाँ समुंदर कब आया?" बाजूचा माणूसही हसला. वर्षालीनं विहिरींचं सांगायला सुरुवात केली, पण त्यानं ऐकलं नाही. आतून एक वापरलेला सिलिंडर आणि रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून हवा घ्यायचं यंत्र, आणून ठेवलं. एकदम नया जैसा, म्हणाला. खोली किती, आधी कधी वापरलंय का, काहीच विचारलं नाही. हवा संपल्यावर कुठं भरायची, हे तिनंच विचारलं. "किसी भी सिलिंडरवाले से," असं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तिनं ते विकत घेऊन घरी आणलं आणि शेतातल्या हौदात बुडवून पाहिलं. रेग्युलेटरच्या सांध्यातून बुडबुड्यांची रांग लागली. तिनं फोन केला. "पानी में थोड़ा बबल आएगा ही," सेल्समन म्हणाला. दुसऱ्यांदा फोन केला तर घंटी वाजत राहिली. नंतर तर नंबर लागेनाच.

"जाऊ दे," बंडूजी म्हणाले.

"काऊन जाऊ दे? हे घेऊन मी खाली गेली असती तर?"

सिलिंडर पोत्यात बांधून ती बसस्टॉपवर गेली. कंडक्टरनं चढू दिलं नाही. गाडीत सिलिंडर चालत नाही, बस्स. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गावातून वांग्यांचा टेम्पो नागपूरच्या मंडईत जाणार होता, त्यात पोत्यांमध्ये सिलिंडर आडवा ठेवून ती बसली. दुकान उघडेपर्यंत समोरच्या पायऱ्यांवर वाट पाहिली.

दुकान भरायला लागलं तशी ती आत गेली. सेल्समननं ओळख दाखवली नाही.

"एक बालटी पाणी द्या," ती म्हणाली.

"क्या?"

"बालटी. पाणी भरून."

तो टाळत राहिला. मग तिनं स्वतः मागच्या नळावर जाऊन फरशी पुसायची बादली धुतली, भरली आणि काउंटरसमोर आणून ठेवली. रेग्युलेटर जोडला, सिलिंडर उघडला आणि सांधा पाण्यात धरला. बुडबुडे वर येऊ लागले. चार गिऱ्हाइकं जवळ आली. एकानं विचारलं, हे चालतं का असं? वर्षाली आवाज न चढवता म्हणाली, "हे म्हंतात चालते. मी पस्तीस फूट खाली जाणार हावो. तुमी सांगा."

आतल्या केबिनमधून मालक बाहेर आला. त्यानं बादली पाहिली, गिऱ्हाइकं पाहिली. दहा मिनिटांत सामान परत घेतलं गेलं आणि पैसेही मिळाले. माफी मात्र कोणी मागितली नाही. ती निघाली तेव्हा त्या चौघांतली एक बाई, प्रेरणा नावाची, मागून आली. ही प्रेरणा स्वतः टाकी घेऊन पाण्याखाली जायला शिकलेली होती. "आदेश सरांकडे जा," म्हणाली आणि पत्ता लिहून दिला.

आदेश सरांचं दुकान म्हणजे एका जलतरण तलावाला लागून असलेली खोली. भिंतीला टाक्या, वाळत घातलेले काळे सूट, आणि खुद्द सर, पन्नाशीचा एक माणूस, पूर्वी बचाव पथकात असलेला. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सगळं ऐकून घेतलं. विहिरीचा घेर, पाण्याची खोली, वर दोर कोण धरतं, खाली उतरण्याआधी विहिरीतली हवा कशी तपासता, एकेक विचारत गेला. वर्षालीला वाटलं, झालं आपलं काम.

"आणि टाकी कुठं भरणार?" त्यानं शेवटी विचारलं.

"वर्ध्याले ऑक्सिजनवाला हाय."

आदेश सरांनी काउंटरवर काढून ठेवलेली टाकी उचलली आणि परत भिंतीशी नेऊन ठेवली.

"ताई, मी तुमाले आज काईच विकणार नाई."

वर्षाली उठून उभी राहिली. "तुमी बी तसेच निंघाले. तिकडं हसले, इथं चहा पाजला, एवढाच फरक."

"बसा. ऐकून तर घ्या. यात साधी हवा भरतात, गाळून, कोरडी करून. निव्वळ ऑक्सिजन घेऊन वीस फुटांच्या खाली गेल्या तर झटके येऊ शकतात. पाण्यात झटका आला म्हणजे माणूस गेला. हे तुमाले कोणी सांगितलं नाई?"

ती पुन्हा खुर्चीवर बसली. सेल्समनचं ते 'किसी भी सिलिंडरवाले से' तिला आठवलं, असं तिनं मला नंतर सांगितलं. पण तिथं ती एवढंच म्हणाली, "मंग शिकवा."

"शिकल्याशिवाय विकत नाई. रविवारी येजो."

पाच महिने ती दर रविवारी गेली. पहिल्या बसनं महामार्गावरचा जाम चौरस्ता, तिथून नागपूर. शनिवारी भाजी तोडून, जुड्या बांधून ठेवायची, बाजार मंदाबाई करायची, कुरकुरत. पुस्तक इंग्रजीत होतं. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून मी वाचायची आणि ती वहीत मराठीत लिहायची. दाब, खोली, वेळ यांचे तक्ते तिनं असे पाठ केले की मलाच विचारायला लागली.

अडचण भलतीकडेच आली. पाच वर्षं तिनं दम धरला होता आणि इथला पहिला नियम म्हणजे दम कधीच धरायचा नाही. टाकीतली हवा घेऊन श्वास कोंडून वर आलं तर फुप्फुस फाटतं. तिला हे कळत होतं, पण डोकं पाण्याखाली गेलं की तिची छाती आपोआप बंद व्हायची. आदेश सर पाण्यात तिच्या समोर राहून हातानं खूण करायचे, सोड, सोड. सातव्या आठवड्यात तिच्यासोबतची कॉलेजची पोरं पुढे गेली आणि तिला तलावाच्या उथळ टोकाला ठेवलं.

"नाई जमलं तर?" त्या संध्याकाळी मी विचारलं.

"जमवते." त्यानंतर ती विळ्यानं मेथी कापताना, पाणी शेंदताना, चुलीपुढे बसून, एका लयीत नाक बंद करून तोंडानं श्वास घेत आणि सोडत राहायची. मंदाबाईला वाटलं पोरीला दमा झाला. अकराव्या रविवारी ती तलावाच्या तळाशी वीस मिनिटं बसली आणि बुडबुडे एकदाही थांबले नाहीत. एका जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीत तिची परीक्षा झाली. मग आदेश सरांनी आपणहून रेग्युलेटर निवडला, टाकी दिली, आणि विहिरीच्या कामासाठी वेगळ्या सूचना कागदावर लिहून दिल्या. पहिल्या कामाला स्वतः येतो म्हणाले.

ते पहिलं काम कारंज्याकडे निघालं, महामार्गाजवळच्या एका शेतात. शेत अनुसयाबाईंचं, सत्तरीच्या विधवा बाईचं. मोटर तळाला पडून आठवडा झाला होता, संत्र्यांची झाडं सुकायला लागली होती. मीही गेले होते. वर्षालीनं आधी आदेश सरांनी आणलेलं हवा तपासायचं यंत्र दोरानं खाली सोडलं, आकडा पाहिला, मग उतरली. बंडूजींनी दोर धरला. दुसरी टाकी बांधून आदेश सर काठावर तयार बसले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. काठावर माणसं जमली होती, त्यांना मिनिटभराच्या बुडीची सवय. "पोरगी गेली," कोणीतरी ओरडलं आणि एक गडी सदरा काढून उडी मारायला निघाला.

"थांब!" बंडूजी एवढ्या जोरात ओरडले की तो जागीच थबकला. त्यांच्या मुठीतल्या दोराला दोन हलके झटके बसले होते. "ठीक हाय म्हणून राह्यली ते. कोणी हलू नका."

अठराव्या मिनिटाला पाणी हललं आणि वर्षाली वर आली, सावकाश, श्वास सोडत. मोटरला दोर बांधलेला होता. सगळ्यांनी मिळून तो ओढला. आदेश सरांनी तिचे डोळे, ओठ पाहिले आणि मान डोलावली.

अनुसयाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "काय हाय वं खाली? मी पन्नास वर्सं हिचं पाणी पेतो, आत काय हाय ते नाई पाह्यलं."

वर्षालीनं तोंड पुसलं. "आजी, मी बी एवढ्या विहिरीत गेली, पण कधी पाह्यलंच नवतं. दम संपायच्या आत काम करा न् वर या, एवढंच. आज टाइम होता." तिनं विहिरीकडे बोट केलं. "तुमच्या विहिरीच्या दगडावर छन्नीचे निशाण हायेत, कालच घडवल्यासारखे. आन पाण्याच्या खाली एक देवळी हाय, छोटी. दिवा ठेवायची."

"माह्या आजसासऱ्यानं बांधली म्हंते ही विहीर," अनुसयाबाई म्हणाल्या आणि काठाला धरून कितीतरी वेळ खाली वाकून पाहत राहिल्या.