मालागाच्या जत्रेत एका हातानं

स्पेनमधल्या मालागा शहरात ऑगस्टमध्ये आठवडाभर जत्रा भरते. ती मी पाहिली, आणि कशी होती म्हणून कुणी विचारलं की मी म्हणते, छान होती. कारण खरं सांगायला लागले तर मला राग येतो आणि समोरच्याला वाटतं, फुकटात स्पेन बघून आली तरी बाई कुरकुरतेच आहे.

फुकटात म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसनं त्याला तिथं ट्रेनिंगला पाठवलं होतं. मी हट्टानं बरोबर गेले. सहा वर्षं आम्ही अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आईच्या पंचाहत्तरीला मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला, आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनसमोर निरांजनाचं तबक फिरवलं आणि पलीकडून भाऊ ओरडला, "ताई, खाली घे, नुसता उजेड दिसतोय!" सगळे हसले. मी पण हसले आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

आम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत. त्या रांगेत असताना बाहेर गेलात, तर परत आत यायला सरकार एक कागद देतं. साधा कागद, वर फोटो. तो हरवला तर झालं, बसा बाहेर. आमचे दोघांचे कागद त्या वर्षी आले. वकील म्हणाला, "ट्रॅव्हल करू शकता, पण गरज नसेल तर टाळा." सहा वर्षं मी टाळतच होते. या वेळी म्हटलं, मी जाणार.

मुलगी बारा वर्षांची. तिची शाळा नेमकी त्याच आठवड्यात सुरू झाली, म्हणून तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. तिचा जन्म ह्यूस्टनचा, तिच्याकडे अमेरिकन पासपोर्ट. म्हणजे कागदाचं काही झालं असतं, तर ती घरात आणि आम्ही दोघं दाराबाहेर.

नवऱ्यानं नियम केले. पासपोर्ट त्याच्याकडे, पोटाला बांधलेल्या पाऊचमध्ये. कागद माझ्याकडे. दोन्ही एकाच माणसाकडे नकोत. "आणि ओरिजिनलची घडी घालायची नाही," हे तर त्यानं इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेत बडबडले असते. आता बिनघडीचा कागद ठेवायचा तर फाइल आली. निळी, प्लास्टिकची, बटण लावायची. मग फाइल आहेच म्हणून त्यात लग्नाचं सर्टिफिकेट गेलं, मुलीच्या जन्माचा दाखला गेला, ऑफिसची पत्रं, तीन वर्षांचे टॅक्सचे कागद. हॉटेलच्या खोलीत तिजोरी होती, पण ती एवढीशी. फाइल आडवी घालून बघितली, तिरकी घालून बघितली. मावेना.

"पाठीवरच्या सॅकमध्ये टाकते," मी म्हटलं.

"गर्दीत सॅक कापतात. ग्रुपवर आलं होतं."

म्हणून मी जत्रेला गेले ती डाव्या काखेत फाइल दाबून. आरशात बघितलं तर तहसील कचेरीत सात-बारा काढायला निघालेली बाई दिसत होते.

जत्रा मात्र खरोखर देखणी होती. भर दुपारी जुन्या शहरातल्या गल्ल्यांत माणसं भरलेली, वर ताणलेल्या कापडांची सावली, कागदी कंदील, मोठमोठ्या ठिपक्यांचे झालरदार घागरे घातलेल्या बायका आणि त्यांच्या डोक्यात अगदी मधोमध एक फूल. पाच वर्षांच्या पोरीपासून काठी टेकणाऱ्या आजीपर्यंत सगळ्यांच्या. जिथं दोन हात जागा मिळेल तिथं कुणीतरी टाळ्या धरत होतं आणि कुणीतरी नाचत होतं. हातपंख्यांची फडफड चालली होती. उकाडा आमच्या ह्यूस्टनइतकाच, पण तिथं उकाड्यात माणसं रस्त्यावर येतात. आमच्याकडे गराजमधून गाडीत आणि गाडीतून एसीत. मला एकदम हेवा वाटला. ही सगळी माणसं आपल्या गावात होती आणि कुणाच्याही काखेत काही नव्हतं.

एका चौकात नवरा पाण्याच्या रांगेत उभा राहिला आणि मी सावलीला थांबले. समोर चार-पाच बायका नाचत होत्या. त्यातली एक सत्तरीची असेल, हिरवा घागरा, कपाळावर घाम. तिनं माझ्याकडे बघितलं, सरळ आली आणि माझा उजवा हात धरून मला मधे ओढलं. मी "नो, नो" म्हणतेय तर तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि येत असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

तिनं मला हाताची गंमत शिकवली. हात वर करायचा, फांदीवरचं फळ तोडायचं, मनगट वळवून तोंडाशी आणायचं. इथं तिनं खरंच कचकन चावल्याचा आवाज काढला. आणि मग ते फेकून द्यायचं. तोड, खा, फेक. आधी एका हातानं, मग दुसऱ्या. मी उजव्या हातानं तोडलं, खाल्लं, फेकलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती माझ्या डाव्या हाताकडे बघत थांबली.

मी तो हलवला नाही. कोपर बरगडीला घट्ट लावून उभी राहिले. फाइल ओढणीखाली होती, ती तिला दिसली नाही. तिला दिसला तो फक्त न हलणारा हात.

तिचा चेहरा बदलला. तिनं माझ्या खांद्याला हळूच हात लावला, जिभेनं च् च् केलं आणि आपला डावा हात पाठीमागे नेऊन घागऱ्याच्या पट्ट्यात खोचला. मैत्रिणींना काहीतरी म्हणाली. त्यांनीही खोचले. आणि मग ते पूर्ण गाणं संपेपर्यंत त्या सगळ्या माझ्याबरोबर एका हातानं नाचल्या.

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मावशी, हात धडधाकट आहे हो, असं तिला सांगावंसं वाटत होतं. पण सांगायचं तर फाइल सोडावी लागली असती. पाच सेकंद शेजारच्या खुर्चीवर ठेवायची, एवढंच. मला ती पाच सेकंदं जमली नाहीत. डोळ्यांसमोर मुलगी येत होती, काकूंच्या दारात उभी.

गाणं संपल्यावर त्या बाईनं माझ्या डाव्या कोपरावरून हात फिरवला, दुखऱ्या जागेवरून फिरवतात तसा. तेवढ्यात नवरा बाटल्या घेऊन आला.

"अगं, फाइल?"

"आहे रे बाबा."

"बरं झालं, सोडली नाहीस."

त्यावर मी त्याच्या हातातली बाटली न घेताच हॉटेलकडे चालायला लागले. त्याचीही काही चूक नव्हती, हे कळत होतं, म्हणून राग आणखीच आला.

परतताना ह्यूस्टनच्या विमानतळावर आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. फोन वापरायचा नाही. अडीच तास. एरवी देवापुढे हात न जोडणारा माझा नवरा ओठ हलवत बसला होता. शेवटी काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं बोलावलं. त्यानं फाइलमधले फक्त ते दोन कागद घेतले, शिक्के मारले आणि म्हणाला, "वेलकम बॅक." लग्नाचं सर्टिफिकेट, टॅक्स, जन्माचा दाखला, कशाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी आल्यावर मुलगी मागे लागली, "आई, शो मी द डान्स ना." मी हॉलमध्ये उभी राहिले आणि दाखवलं. तोड, खा, फेक. तिला ते फारच आवडलं. लगेच माझ्यासमोर उभी राहून करायला लागली, अगदी हुबेहूब, माझ्याहून चांगलं. उजवा हात वर, मनगट सुंदर वळवलेलं. आणि डावं कोपर बरगडीला घट्ट दाबलेलं.

"असं नाही!" मी ओरडलेच. "दोन्ही हात. हा दोन हातांचा नाच आहे."

ती दचकली. "बट आई, यू आर डूइंग इट लाइक दॅट."

मी खाली बघितलं. फाइल केव्हाच कपाटात ठेवली होती. माझा डावा हात अजून तिथंच होता.