अरविंदचा डावा पाय

आर्णीच्या अरविंद दुध्याले गाडीतलं सारं समजते, असं एकटा अरविंदच म्हणते. जिंदगीभर ट्रॅक्टर हाणला अन् यंदा जुनी ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार घेतली. वरून इंजिन ट्यून करून ताकद वाढवली. गाडीत क्लचच नाही, पण गतिरोधक दिसला की याचा डावा पाय सवयीनं क्लच दाबाले जाये अन् ब्रेकवर आदळे. मी बाजूच्या सीटवर बसलो होतो, माहं कपाळ समोर आपटलं, तर हा शहाणा म्हणते, "गिअरबॉक्स झटके देऊन राह्यला." पुन्हा ट्यूनिंग केलं, पुन्हा माहं कपाळ आपटलं. शेवटी त्याच्या बायकोनं, दिपालीवहिनीनं, बैलाच्या दाव्यानं तो पाय सीटले बांधून टाकला. तेव्हापासून गाडी मस्त चालते. दावं झाकून बेटा साऱ्या गावाले सांगते, "पाह्यलं? याले म्हणतात ट्यूनिंग!"