रिफिलमध्ये चढलेलं पाणी

छापून वाटलेलं एखादं वाक्य चुकीचं निघालं, तर तुम्ही ते परत घेता, की पुढच्या वेळी नुसता आवाज चढवता?

मी आवाज चढवणाऱ्यांतली होते. पत्रकाची घडी नखाने कशी दाबायची, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. वडील कंपनीत युनियनचं काम करायचे; जेवायला बसण्याआधी आमच्याकडे सतरंजीवरची पत्रकं बाजूला करावी लागत. त्यामुळे मोबाइलवर ‘समुद्र वाढतोय हे थोतांड आहे’ असे मेसेज फिरायला लागले, तेव्हा मला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. मी पत्रक काढलं आणि भोसरीत शिफ्ट सुटायच्या वेळी गेटागेटावर वाटलं.

भोसरीत समुद्र कुठे? नाही. पण आमच्या शेजारच्या खोलीतल्या काकांचा समुद्र होता. काका कोकणातले, एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर, त्याच वर्षी निवृत्त होणारे. गावी खाडीला लागून त्यांची जागा होती. तिथे घर बांधायचं आणि ओटीवर बसून पाणी बघायचं, हे ते मी शाळेत असल्यापासून सांगत होते. पुढच्या महिन्यात पाया खणायचा होता. त्यांचा गावचा भाऊ फोनवर म्हणायचा, पाण्याजवळच बांध. माझं पत्रक वाचल्यापासून काकांना झोप नव्हती.

दोन दिवसांनी त्यांच्या मालकांनी मला वर्कशॉपमध्ये बोलावलं. मालक भोसरीचे मूळ गाववाले. शेतं गेली, शेड उभ्या राहिल्या, पण बोलणं शेतातलंच राहिलं. चहाची वेळ होती. माझं पत्रक त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

“‘समुद्रात तरंगणारा बर्फ वितळेल आणि पाणी आपल्या दारात येईल.’ हे तूच लिवलंय न्हवं, पोरी?”

“मीच.”

“मग बस हितं.”

त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी ओतलं, शेजारच्या रसवंतीवरून आणलेला बर्फाचा खडा त्यात सोडला आणि ग्लास काठोकाठ भरला. बर्फाचं डोकं पाण्यावर आलेलं. सगळे भोवती उभे राहिले. चहा संपला, सुट्टीची वेळ संपली, तरी मशिन चालू करा असं कुणी म्हणेना. खडा बारीक होत गेला. ग्लासाखाली ओल दिसली आणि मी उडालेच.

“सांडलं! बघा!”

मालकांनी मशिन पुसायच्या चिंधीने ग्लास बाहेरून पुसला. “हा घाम हाय गिलासाचा. वरनं बघ.”

वरून पाहिलं. बर्फ संपला होता आणि पाणी होतं तिथेच, काठाला. एक थेंब सांडला नव्हता.

“जा भाऊ,” मालक काकांना म्हणाले, “घाला पाया खाडीत!” सगळी शेड हसली. एकाने तर मला लाइफ जॅकेट घेऊन यायला सांगितलं.

काका हसले नाहीत. गेटपर्यंत माझ्याबरोबर आले. “काय गो बाय, तुझं वाक्य चुकलं तर चुकलं. त्याचं मला काही नाही. मला एवढंच सांग, घर पाण्याजवळ बांधू की नको?”

शेडमधल्या हसण्यापेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी मी ताथवड्याला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मैत्रिणीकडे गेले. तिने दहा मिनिटांत माझी पिसं काढली. तरंगणाऱ्या बर्फाने आधीच पाण्यात जागा घेतलेली असते. तो वितळला म्हणून पातळी फारशी चढत नाही. जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, तेव्हा चढते. शिवाय तापलं की पाणी स्वतःच फुगतं. “हे न वाचताच तू छापलंस?” तिने विचारलं. मी तिच्या टेबलावरची औषधाची रिकामी बाटली तेवढी मागून घेतली.

तीन दिवसांनी पुन्हा चहाच्या वेळी मी शेडमध्ये. मालक गरम तेलातलं बेअरिंग उचलून शाफ्टच्या दांड्यावर बसवत होते. या कामाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. बेअरिंग अलगद सरकून जागेवर बसलं.

“तापवलं कशाला?” मी विचारलं.

“एवढं कळंना? तापलं की फुगतं, भोक मोठं व्हतं. थंड झालं की असं आवळतं की हातोड्यानं बी निघत न्हाई.”

“आणि पाणी तापलं की?”

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी बाटली काढली. तोंडापर्यंत निळीचं पाणी, बुचातून खाली सोडलेली पेनची निब काढलेली रिकामी पारदर्शक रिफिल, भोवती मेण. रिफिलमध्ये पाणी जिथे उभं होतं तिथे काकांनीच स्केचपेनने रेघ मारली. मग बाटली गरम पाण्याच्या डब्यात ठेवली.

पाणी खाली गेलं.

“उतरलं!” मालकांनी मांडीवर थाप मारली. “आता काय म्हनशील?”

माझं तोंड पडलं. पण मालक स्वतःच वाकून बाटलीकडे पाहू लागले. पाणी थांबलं, मग हळूहळू चढायला लागलं. रेघेपाशी आलं, रेघ ओलांडली, चढतच राहिलं.

“आरं!” ते हळू आवाजात म्हणाले. “आधी काच तापली, बाटली फुगली, म्हनून पानी उतरलं. बेअरिंगवानीच की राव! आन् मग पानी तापलं.”

रिफिलच्या टोकातून निळा थेंब बाहेर आला तेव्हा शेडमध्ये असा ओरडा झाला की शेजारच्या शेडमधले धावत आले. त्यांना सगळं समजावून कुणी सांगितलं? मालकांनी! बाटली दोनदा थंड करून दोनदा तापवली. “पेप्रातलं सगळं खरं, असं आमी म्हननार न्हाई,” त्यांनी मला बजावलं, “पन हे आमच्या डोळ्यांनी बघितलंय.”

मीही बजावलं. ही बाटली म्हणजे तुमची खाडी नव्हे, काका. तिथे पाणी किती चढेल, हे हिच्यातून कळणार नाही. ते तिथे जाऊनच बघावं लागेल.

वडिलांचं म्हणणं स्पष्ट होतं: गेटवर वाटलेलं गेटवरच परत घ्यायचं. नवीन पत्रकावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत ‘आमची चूक’ असं छापलं. आयुष्यात माझ्या हातातून पत्रकं इतक्या भराभर कधी गेली नव्हती. एका कामगाराने तर दोन घेतली. एक म्हणे बायकोला दाखवायला, चूक कबूल करता येते म्हणून.

काका अमावस्येच्या उधाणाला गावी गेले. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना त्यांनी विचारलं, पूर्वी पाणी कुठवर यायचं? मावशींनी बोट दाखवलं तिथे एक खुंटी ठोकली. त्या दिवशी पाणी आलं तिथे दुसरी. दुसरी खुंटी पहिलीपेक्षा घराच्या जागेच्या जवळ होती. पुरावा म्हणून ते थोडकं आहे, हे काकांनाही कळत होतं. पण पाया त्यांनी वर, काजूंच्या बाजूला खणला. खाली माड तेवढे राहिले. भाऊ अजून हसतो. काकांचा फोन आला तेव्हा तेच हसत होते: “अगो, वरून खाडी केवढी दिसते! खाली बसलो असतो तर समोरची होडीच तेवढी दिसली असती!”

तुमच्या लाइनवर, तुमच्या चाळीत, तुमच्या सोसायटीत किनाऱ्यावरच्या गावी घर बांधणारं कुणीतरी नक्की असेल. आज त्यांना गाठा. वाद घालू नका. पाया खणण्याआधी एका उधाणाला तिथे उभं राहायला सांगा, जुन्या माणसाला विचारून दोन खुंट्या ठोकायला सांगा. आणि जमलं तर स्वतः सोबत जा.