शनिवारकाकांच्या पुढ्यातला माइक

शनिवारी शनिवारकाका दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावत नसत. चाळीस वर्षं जपानात, आमच्या कोबे शहरात, मोत्यांचा व्यापार केला, पण त्या दिवशी ना गाडी, ना फोन, ना गॅस. म्हणून आम्ही त्यांचं हे नाव पाडलं होतं. काका अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू; शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस. आणि मराठी आम्हा पुणेकरांना खाली मान घालायला लावील अशी.

"दोन हजार वर्षांपूर्वी इस्राएलहून निघालेलं गलबत नवगावच्या खडकांवर फुटलं," ते सांगत. "सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या, भाषाही गेली. शनिवार तेवढा पोहत किनाऱ्याला लागला. आम्ही तेल गाळायचो, पण त्या दिवशी घाणा बंद." मग तुमचा देश कुठला, असं कुणी खोचकपणे विचारलं की म्हणत, "इस्राएल वडिलांचं घर, कोकण आईचं. आई की वडील, असं विचारतात का कुणाला?"

त्यांच्या नातीची आई जपानी. पोरगी मराठीला जपानीत उत्तर द्यायची आणि आजोबांची गोष्ट सुरू झाली की उठून जायची. कोबेतल्या आमच्या मराठी मंडळात चार मुलांबरोबर तरी ऐकेल, अशी त्यांना आशा होती. मी मंडळात मुलांसाठी काकांच्या गोष्टीचा कार्यक्रम ठरवला. रविवारी हॉल मिळेना, म्हणून बेधडक शनिवार घेतला.

"दिवस मावळल्यावर ठेव ना."

"पाचला हॉल रिकामा करावा लागतो, काका. नुसतं बोलायचं तर आहे!"

"बरं, चालत येईन. फक्त माइक नको हं."

नातीचा हात धरून ते तासभर चालत आले. बोलायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही!" मी घाईघाईने माइक चालू करून त्यांच्या तोंडासमोर धरला. काका वाक्याच्या मध्येच थांबले. पुढच्या रांगेतून नात जपानीत म्हणाली, "आजोबांना शनिवारी हे चालत नाही." त्या सात वर्षांच्या पोरीला कळत होतं. मला सांगूनही कळलं नव्हतं.

"मुलांना खाऊ द्या आता," एवढं म्हणून काका बसले. मी माफी मागायची सोडून हॉलच्या नियमांचं रडगाणं गात राहिलो.

पुढच्या वर्षी ते मुलीकडे इस्राएलला कायमचे गेले. विमानतळाच्या बसपाशी मी कसंबसं म्हटलं, "काका, गोष्ट राहिली."

"तू सांग पोरांना," ते माझा खांदा थोपटत म्हणाले. "तुला सगळे वार मोकळे आहेत."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांची नात अजूनही मंडळात येते, पुढच्या रांगेत बसते. आणि मी गोष्ट सांगायची सोडून खुर्च्या लावायचं निमित्त काढून मागे सटकतो.