वानोळ्याची टोपली

पांढरा कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही, असं आमच्याकडे सगळे पाहुण्यांना सांगतात. खरंही आहे. आमच्या घरचा कांदा तर इतका गोड, की माझी मुलं लहानपणी तो पेरूसारखा नुसता खायची. म्हणून गेल्या फाल्गुनात नव्या पिकातला पहिला कांदा मी चिरायला घेतला आणि डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा मला वाटलं विळीला मिरची लागली असेल. विळी धुतली. दुसरा कांदा घेतला. तोही तसाच.

"सर्दी झाली का गो तुला?" नवऱ्याने विचारलं.

"न्हाय. कांदा झोंबतोय."

तो हसला. त्याला गंमत वाटली. मला वाटली नाही. मी चिरलेला कांदा तसाच ठेवून बाकीचे उलटेसुलटे करून पाहत बसले.

आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच जमिनीत वाल आणि पांढरा कांदा. माझ्या घरात वर्ष कॅलेंडरवर दिसत नाही, माळ्यावर दिसतं. चैत्रात माळा कांद्याच्या माळांनी भरतो, श्रावणात निम्मा रिकामा होतो, आणि दिवाळी जवळ आली की स्वयंपाकात हात आपोआप आखडतो. कांदा संपला की संपला, मग नव्या कांद्याची वाट बघायची. बाजारातून आणून वर्ष लांबवायचं नाही, ही सासूबाईंची रीत. सून म्हणून मी तिच्यावर पुष्कळ चिडचिड केली आणि आज मीच ती चालवते. माळ केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या सालीने बांधायची, माळ संपली की सोपट चुलीत, चुलीतली राख बियाण्यात, भांडी धुतलेलं पाणी मोरीमागच्या अळवात. आम्ही याला काटकसर म्हणायचो. आता त्याला इंग्रजी नाव मिळालंय आणि लोक मुंबईहून त्याचे फोटो काढायला येतात.

फोटो निघतात ते शेजारी. शेजारीण आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आलो. दोन घरांच्या मध्ये निरगुडीचं कुंपण आणि त्यात आम्ही दोघींनी ये-जा करून पाडलेलं खिंडार. आमच्या दोघींच्या नवऱ्यांनी ते बुजवायचा प्रयत्न केला होता, पण पुढच्या पावसापर्यंतही ते बुजलेलं राहिलं नाही. तिच्या सासरी तेव्हा फक्त वाल पिकायचा. पहिल्या वर्षी माझ्या सासूबाईंनी आमच्या कांद्याचं मूठभर बी तिच्या पदरात घातलं. माया होतीच, पण हिशेबही होता. कांद्याचं बी फार टिकत नाही, एका वर्षाचं दुसऱ्या वर्षी धड उगवत नाही. एखाद्या साली बी बुडालं तर ती जातच घरातून जाते. म्हणून ते शेजारच्या घरातही असावं, आपलं गेलं तर तिच्याकडे राहील, तिचं गेलं तर आपल्याकडे. गावात पांढरा कांदा पुष्कळांकडे आहे, वाईट कुणाचाच नाही. पण आमच्या कांद्याची मान बारीक, माळेत ती वेणीसारखी वळते, आणि माळ दिवाळीपर्यंत तशीच टिकते. तो सासूबाईंनी दर वर्षी एकेक कांदा हातात घेऊन, निवडून निवडून केलेला होता. त्या गेल्यावर त्यांच्या हातचं म्हणून माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही.

नवं पीक निघालं की त्यातला पहिला वाटा शेजारी पाठवायचा, त्याला वानोळा म्हणतात. वानोळ्याची टोपली रिकामी परत करायची नसते. दोन लिंबं घाला, एखादी कैरी घाला, काहीच नसलं तर मूठभर तांदूळ, पण रिकामी नाही. आमच्या दोघींमध्ये बुरुडाकडची एकच टोपली फिरायची. ती मुळात कुणाची, हे आम्ही दोघीही विसरलो होतो. तिच्या अंगणातून माझ्या अंगणात, माझ्याकडून तिच्याकडे, अशी ती झिजत होती.

एक गोष्ट तिच्याबद्दल सांगायलाच हवी. तिला चिरता येत नाही. विळीवर बसली की एक फोड अंगठ्याएवढी आणि दुसरी नखाएवढी. लग्नाच्या पंगतीसाठी भाजी चिरायला बसलेल्या बायका तिला मुद्दाम वांगी द्यायच्या आणि हसून बेजार व्हायच्या. "हिच्या हाताला घाई फार," सासूबाई म्हणायच्या, "पण मनात पाप न्हाय." मीही तेच मानत आले.

मग तिच्या मुलाने मागच्या पडवीत खोल्या बांधल्या आणि पाहुणे यायला लागले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पत्रावळी लावायला, करवंटीचे चमचे घासायला, पाहुण्यांना कांद्याची माळ वळायला शिकवायला मीच जायचे. माझ्या घरातली तांब्याची घागर तिच्या अंगणात गेली ती तिथलीच झाली. "बाय, तू न्हाय तर माझं काय झालं असतं," ती म्हणायची, आणि मी फुगायचे.

त्या झोंबऱ्या कांद्याच्या फाल्गुनाआधीच्या वैशाखात अवेळी पाऊस आला. बियासाठी लावलेल्या कांद्यांना तेव्हा डेंगळे येतात, लांब दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे, आणि त्यात बी भरतं. आमचे डेंगळे मोडून चिखलात पडले आणि बी काळं पडून कुजलं. तिचे घराच्या आडोशाला होते, ते वाचले. मी घाबरले नाही. माळ्यावर कांद्याच्या माळा होत्या, त्यातली एक चांगली माळ मी बाजूला काढून टांगली. थंडी सुरू झाली की ते कांदे जमिनीत लावायचे, पुढच्या उन्हाळ्यात बी धरायचं. एक वर्ष मागे पडलं असतं, एवढंच.

श्रावणात ती खिंडारातून आली. पाहुणे भरलेले, तिचे कांदे संपलेले, आणि माझ्या माळ्यावरच्या बाकीच्या माळाही तोवर तिच्याच पाहुण्यांत संपलेल्या.

"ती माळ दे ना गो."

"ती बियाची हाय."

"बियाचं तू कशाला बघतंस? माझ्याकडं बी हाय ना. दसऱ्याला देते तुला. तुझंच तर हाय ते."

तुझंच तर हाय ते. या शब्दांवर मी माळ काढून दिली. दुसऱ्या कुणी मागितली असती तर दिली नसती. पण शेजारच्या घरातलं बी म्हणजे आपलं बी, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि त्याच भरवशावर घरातला शेवटचा बियाचा कांदा मी दुसऱ्याच्या पाहुण्यांच्या कोशिंबिरीत घातला.

दसऱ्याला तिने खरंच बी दिलं. स्टीलच्या वाटीत. आमच्याकडे बी वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंबडीत राख घालून ठेवतात, त्यामुळे ते हातात घेतलं की बोटं राखाडी होतात. हे बी स्वच्छ होतं, राखेचा कण नव्हता. मी मनात म्हटलं, बाईने माझ्यासाठी पाखडून दिलंय. वाटी परत करताना मी तिच्यात रव्याचा लाडू घातला.

रोपं आली, शेतात लागली. पात जरा जाड वाटली, पण नवरा म्हणाला, पाणी जास्त झालं असेल. कांदे निघाले तेव्हा पांढरेच होते, मोठेही होते. पण मान जाड, बरेच जुळे, आणि माळ वळायला घेतली तर ती वळेना, पात मधेच तुटायची. आणि मग तो विळीवरचा दिवस, ज्याच्यापासून मी सुरुवात केली.

आता माझं शहाणपण ऐका. हे बी आपलं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं, आणि मला काळजी वाटली ती तिची. तिचं बी भेसळलं! तिला अजून कळलंच नसणार, पाहुण्यांसमोर तिची फजिती होईल. त्यातला एक जाड मानेचा कांदा हातात घेऊन मी तिला सावध करायला निघाले.

खिंडारातच थांबले. अंगणात पाहुणे बसले होते आणि ती त्यांना माळ दाखवत होती. बारीक मानेची, वेणीसारखी वळलेली, माझ्या ओळखीची माळ.

"ही जात आता आमच्याकडंच हाय बघा," ती सांगत होती. "गावात दुसरीकडं मिळायची न्हाय. शेजारी होती, पण त्यांची पावसात गेली. माझ्या सासूनं जपलेलं बी हाय हे."

तिच्या सासूने! त्या बिचारीने जन्मात वालाखेरीज काही पेरलं नव्हतं. माझ्या हातातला कांदा एकदम जड वाटायला लागला. राग आला, पण रागाच्या आधी लाज वाटली, की मी त्या अंगणात पत्रावळी मांडत होते, आणि माझ्यासमोर इतक्या सहज मला आणि सासूबाईंना पुसून टाकलं गेलं होतं. तिने मला पाहिलं. चेहरा क्षणभर पडला, मग सावरला.

"ये गो, ये. बाहेर का उभी?"

पाहुणे आत गेल्यावर मी कांदा तिच्या पुढ्यात धरला. तिने तो हातात घेतला नाही.

"डबे बदलले असतील," ती म्हणाली. "पोरानं बाजारचं बी आणलेलं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

"तू डब्यात कधीपासून ठेवायला लागलीस?"

अंगणात माझी तांब्याची घागर चमकत होती, कुणीतरी चिंचेने घासून ठेवली होती.

"बरं," मी शेवटी म्हटलं. भांडायचं म्हणून गेले असते तर भांडले असते, पण मला भांडण नको होतं, कांदा हवा होता. "झालं ते झालं. मला लावायला थोडे कांदे दे. बी धरते."

"देते की. वानोळा पाठवायचाच हाय तुला."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, डबे बदलले. तो माझ्याकडे बघत राहिला. "माणूस चुकतं," मी म्हटलं. त्याच्याशी नाही, माझ्याशीच बोलत होते. मला ती चूक हवी होती. चूक असेल तर खिंडार राहील, आणि गेलेल्या सासूबाईंपुढे मान वर करायची सोय मला राहील.

टोपली आली. वर केळीचं पान, आत गोल, पांढरेशुभ्र, बारीक मानेचे कांदे. मला इतका आनंद झाला की मी त्यातला एक गालाला लावला. हो, या वयात. नवऱ्याला हाक मारली, माळ्यावरची खुंटी रिकामी कर म्हटलं. मनात ठरवूनही टाकलं की कुठल्या वाफ्यात लावायचे, आणि पुढच्या खेपेला वैशाखात वर झावळ्यांचा मांडव घालायचा. मग बियासाठी चांगले कांदे निवडायला बसले आणि सवयीने पहिला कांदा उलटा केला.

त्याला बूड नव्हतं.

कांद्याचं बूड म्हणजे खाली मुळ्या फुटतात ती गोल चकती. तीच असते कांद्याचा जीव. ती कापली की कांदा खाण्यापुरता उरतो, जमिनीत लावला तर कुजतो, कोंब धरत नाही. हे आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोरीलाही ठाऊक असतं. मी दुसरा उलटा केला. तिसरा. नवरा माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्यानेही बघायला सुरुवात केली. मी एकच शोधत होते. एक कांदा, ज्याच्यावर तिचा हात घसरला असेल, अर्धं बूड राहिलं असेल. मला एवढ्यावर भागलं असतं. ती बाई, जिला वांग्याची फोड धड करता येत नव्हती, जिला उभ्या गावाने हसून घेतलं होतं, तिच्याकडून एवढी एक चूक व्हायला काय हरकत होती?

टोपली तळाला गेली. सगळे कांदे एकसारखे कापलेले, सपाट, ओटीवर ठेवले तर डुगडुगत नव्हते. तिने घाई केली नव्हती. एकेक कांदा हातात घेऊन, माझं नाव मनात धरून, तिने आयुष्यात पहिल्यांदा नीट चिरलं होतं.

नवरा म्हणाला, "पाहुण्यांसाठी साफ करतात तसे केले असतील." त्यालाही ते पटत नव्हतं. मी उठले, आत गेले आणि चुलीपाशी बसून मनसोक्त रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी एवढी रडले नव्हते.

कांदे मी टाकले नाहीत, आमच्याकडे काही टाकत नाहीत. कालवण केलं, कोशिंबीर केली, पोहे केले. गोडच होते. चिरताना डोळ्यांत पाणी आलं नाही.

मग टोपली धुतली, उन्हात वाळवली. घरात त्या दिवशी लिंबं होती, तांदूळ होते, परसातली कैरी होती. मी ती कुठलीच घेतली नाही. खिंडारापाशी गेले आणि टोपली पलीकडे धरली. ती अंगण झाडत होती. आली, टोपली हातात घेतली, आत बघितलं.

"काय गो," ती म्हणाली, "रिकामीच?"

"व्हय," मी म्हटलं. "रिकामीच."