नानांनी विहिरीत सोडलेला दिवा

“दिवा जळतोय, नाना. हवा चांगली हाय, उतरा,” पुतण्या विहिरीत वाकून म्हणाला आणि नानांनी धोतर वर खोचलं.

मी चार हात लांब, मातीच्या पिशव्या पोटाशी धरून उभी होते. शहरातल्या एका माती तपासणी प्रयोगशाळेत मी काम करते. चितेगावच्या पुढे नानांचं शेत. तिथले नमुने घ्यायला सलग तिसऱ्या उन्हाळ्यात आले होते. माझा आवाज बारीक. समोरच्यानं भुवई जरी उचलली तरी माझं वाक्य अर्ध्यावर राहतं. तुमच्याही ऑफिसात असं कोणीतरी असेल.

पहिल्या वर्षी पुतण्यानं गट नंबर सांगितला, “एकोणऐंशी.” मी इंग्रजी शाळेतली, लिहिला एकोणनव्वद. तो हसत सुटला. “ताई, दुसऱ्याचीच जमीन तपासचाल.”

“गप रं,” नाना म्हणाले. “तुला येतंय का एकोणऐंशी इंग्रजीत?”

त्यानंतर मला कुठलाही आकडा सांगताना ते बोटं दाखवायचे. जणू त्यांची ती जुनीच सवय.

नाना शेतात चपला घालून कधी आले नाहीत. त्या बांधावर राहायच्या. मी खड्डा करून माती घेतली की ते मागून येऊन तो हातानं बुजवायचे, वर दोनदा थापटायचे. “उघडं ठिवू नाय. आतून वाळतंय.” आठ खड्डे, आठदा थापटणं. एकदा मला हसू आलं. तर म्हणाले, “हसा. तुमी पिशवी घेऊन जाता, मला हितंच ऱ्हायचंय.”

त्या सगळ्या जमिनीत त्यांना भीती एकाच जागेची होती. त्यांचे थोरले भाऊ गाळ काढायला याच विहिरीत उतरले आणि परत आले नाहीत. तळाशी कोंडलेली हवा दिसत नाही, तिला वास असतोच असं नाही. तेव्हापासून उतरण्याआधी नाना पेटता कंदील दोरानं खाली सोडत. मागच्या उन्हाळ्यात तो अर्ध्यावरच विझला होता. मग नानांनी लिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून दिवसभर वरखाली हलवला आणि दुसऱ्या दिवशी ज्योत टिकल्यावरच पाय खाली टाकला. हे सांगताना त्यांनी आवाज अगदी लहान केला होता. “दिवा गुदमरला की आपुन बी गुदमरतो. लई सोपं हाय, ताई. पन भावाला कुनी सांगितलंच न्हाय.”

यंदा त्या कंदिलाची काच फुटली. पुतण्यानं नवा आणला, तसाच गोल पोटाचा, कडीचा. नानांची नजर अधू झाली होती. त्यांनी कडी चाचपून गाठ मारली, दोर हात हात सोडला, तोंडातल्या तोंडात शंभरपर्यंत मोजलं. खालून स्वच्छ पांढरा उजेड वर येत होता. दिवा जळतोय म्हणजे हवा चांगली, एवढंच पुतण्यानं लहानपणापासून ऐकलेलं.

पण काडी ओढलेली मी पाहिली नव्हती. पुतण्यानं कंदिलाच्या बुडाशी अंगठा दाबला होता. रॉकेलचा वासही कुठे नव्हता.

हे डोक्यात शिरलं तेव्हा नाना पहिल्या पायरीवर होते. भिंतीतून बाहेर आलेले दगड, एका पावलापुरते. वाटलं, जन्मभर ही विहीर पाहिलेल्या माणसाला मी काय सांगणार? वाटलं, माझंच चुकत असेल. दुसरी पायरी. मी बोलले, पण आतून पारव्यांचा थवा फडफडत उठला आणि माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत आला नाही. पुतण्या उरलेला दोर गुंडाळत होता. तिसरी. चौथी. आता नुसती पांढरी टोपी दिसत होती, तीही खाली चालली होती.

पिशव्या हातातून सुटल्या. मी काठावर गुडघे टेकले आणि ओरडले.

“नाना, वर या. तो दिवा बॅटरीचा आहे, हवा नसली तरी तो विझणार नाही.”