अण्णांची पांढरी रेघ

आमच्या व्हाइटफील्डच्या तिरंदाजी मैदानावर दर रविवारी चार-दोन बाण गवतात हरवतात. फजितीचा किस्सा मात्र एकही हरवत नाही! त्यातले निम्म्याहून जास्त माझेच, म्हणून लाजत का होईना, मीच सांगतो.

*

नोकरीसाठी पुण्याहून आलो आणि हौसेनं कंपाउंड बो घेतला. मैदानावर सगळ्यांची धनुष्यं अनंतअण्णा ट्यून करतात. बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरातले, पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लेथचा कारखाना.

पहिली परीक्षा कागदाची. ताणून लावलेल्या कागदातून जवळून बाण मारायचा. भोक गोल पडलं तर बाण सरळ, आडवं फाटलं तर गडबड. माझा कागद टराटरा फाटला! बाण जिच्यावर टेकतो ती रेस्ट मी सकाळभर सरकवत बसलो. शेवटी अण्णांनी माझी गच्च आवळलेली मूठ सैल केली. पुढचं भोक गोल.

"धनुष्य सरी आहे, बरोबर आहे रे. तुलाच स्वल्प ट्यून करायला हवं!"

*

मग बिनपिसांचा बाण. पिसं नसली की बाण सगळ्या चुका चव्हाट्यावर मांडतो. माझा थेट शेजारच्या टार्गेटमध्ये घुसला.

"वारा आहे!" मी ठणकावलं.

अण्णांनी नारळाच्या ढिम्म झावळ्यांकडे पाहिलं. "फक्त तुझ्याच लेनमध्ये का रे?"

सगळे हसले. माझे कान तापले.

*

ट्यूनिंग झालं की अण्णा रेस्टपासून धनुष्यापर्यंत बारीक पांढरी रेघ ओढतात. रेघ तुटली की समजायचं, रेस्ट हलली. माझी हलली, तेव्हा मी गुपचूप ऑफिसातला व्हाइटनर आणून रेघ जोडली!

अण्णांनी ती नखानं खरवडली. "तुझ्या ऑफिसातला रिपोर्ट आहे का हा, रंगवला की झालं?"

*

आता शेवटचा किस्सा. हा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

मूळची नागपूरची वैशाली इथल्या शाळेत खेळ शिकवते. राज्याच्या संघात जायचं म्हणून दोन वर्षं पहाटे आमच्या मैदानावर सराव करत होती. मागच्या आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी उत्साहानं सगळ्यांची धनुष्यं पुसली. तिची रेस्ट काढून थिनरनं चकचकीत केली आणि रेघच गेली! मी रेस्ट अंदाजानं बसवली, वर व्हाइटनर फिरवला, हार घातला.

पूजेतलं धनुष्य दुसऱ्या दिवशी कुणी उचलत नाही. तिसऱ्या दिवशी निवड चाचणी. तिचे बाण एकजात डावीकडे गेले, निवड हुकली.

अण्णांनी रेघ पाहिली. जुळलेली होती, म्हणून या वेळी नख लावलं नाही. "हात बिघडलाय तुझा, अक्का," ते म्हणाले. ती मान खाली घालून ऐकत होती. मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. वर्षभर ती मनगट सुधारत राहिली, आणि मी तिला पाणी आणून देत राहिलो. शरम वाटते.

यंदा आयुधपूजेला तिनं धनुष्य माझ्यापुढे ठेवलं. त्यावरची रेघ नखानं खरवडलेली. शेजारी एक छोटी बाटली.

"पुसा ना, दादा. व्हाइटनर मी आणलाय."